मधल्या ब्रेकवर

नंदुरबारच्या बाजारातून ग्रीसचा डबा आणि साखळीच्या पिना घेऊन हन्ना गावित रनाळ्याजवळच्या पार्काकडे निघाली, तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या केव्हाच उचलल्या होत्या, पण जमिनीत मुरलेला तिखट वास गरम वाऱ्याबरोबर अजून वर येत होता. तोंडाला ओढणी घट्ट बांधूनही तिला ठसका लागला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि आखाजीच्या दिवशी पार्कातला रोलर कोस्टर लोकांसाठी सुरू व्हायचा होता.

पार्क दिग्विजय पाटलांचं. तापीकाठची बागायत सांभाळून त्यांनी आधी इथं पाण्याच्या घसरगुंड्या टाकल्या होत्या. त्या चालल्या, तसा त्यांनी हा कोस्टर आणला. दुसऱ्या राज्यातलं कुठलंसं पार्क बंद पडलं होतं, तिथून तो सुटा होऊन ट्रेलरवर चढून आला. मूळच्या तिथं गाड्या दोन होत्या म्हणे. इथं एकच आली. दुसरीचं काय झालं, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि दिग्विजयनी विचारलं नाही. पाटीवर त्याचं नाव ‘गरुडझेप’ होतं, पण गावानं त्याला ‘लोखंडी झोका’ म्हणायला सुरुवातही केली होती.

तो उभा करण्याचं आणि चालवण्याचं काम हन्नाकडे होतं. ती नवापूरकडच्या डोंगरातली. मेकॅनिकल शिकून काही वर्षं तिनं साखर कारखान्यात ऊस वाहणाऱ्या साखळ्या सांभाळल्या होत्या. भुतंखेतं, बाहेरचं, असलं तिच्या घरात कोणी मानत नसे. रविवारी प्रार्थना आणि एरवी काम, एवढंच तिला ठाऊक.

कोस्टर मात्र तिला मनापासून आवडला होता. निळ्या पोलादी नळ्यांचे दोन रूळ, आणि त्यांना वरून, बाजूनं आणि खालून अशी तिन्हीकडून धरणारी गाडीची चाकं. गाडी उलटी झाली तरी रूळ सोडणार नाही, अशी पकड. स्टेशनातून निघाली की साखळी तिला उंच चढावर ओढून नेई. चढताना गाडीखालचा खटका दातेरी पट्टीवर खट्, खट्, खट् असा पडत जाई, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये. माथ्यावर साखळी सुटली की पुढचं सगळं उताराचंच काम. एक खोल बुडी, एक उंचवटा, मग तिथंच उंचावर मधला ब्रेक. तिथून पुन्हा उतार आणि गाडीला उलटी फिरवून आणणारा लूप. हा लूप पुरा गोल नव्हता. थेंबासारखा होता, वर निमुळता आणि खाली पसरट. पुरा गोल केला तर खालून वर वळताना माणसाच्या मानेला हिसका बसतो. लूपनंतर शेवटचा ब्रेक आणि परत स्टेशन.

या सगळ्या वाटेचे टप्पे पाडलेले होते. ज्या टप्प्यात गाडी असेल, त्याचा लाल दिवा पॅनेलवर लागे. पुढच्या टप्प्याचा दिवा विझल्याशिवाय मागची गाडी तिथं शिरूच शकत नसे. यंत्रच तिला ब्रेकवर धरून ठेवी. दोन गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून ही सोय. इथं तर गाडी एकच होती.

त्या संध्याकाळी तिनं साखळीला ग्रीस लावलं, सीटांवर वाळूची पोती बांधली आणि पॅनेलवर बसलेल्या भावेशला खूण केली. भावेश सुरतकडच्या जत्रांमधून पाळणे चालवत आलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं बटण दाबलं. गाडी खटखटत चढली, माथ्यावरून सुटली आणि मधल्या ब्रेकवर येऊन थांबली.

थांबायला नको होती.

“बेन,” भावेश म्हणाला, “लूपचा दिवा लागलाय.”

हन्नानं मान वर केली. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात लूप रिकामा उभा होता. थोड्या वेळानं दिवा आपोआप विझला, शेवटच्या ब्रेकचा लागला, तोही विझला. मग मधल्या ब्रेकनं फुस्स करून हवा सोडली आणि गाडी लूपमधून फिरून गुमान घरी आली.

“सेन्सर गेला असेल,” हन्ना म्हणाली. भावेशनं मान हलवली, पण तो दिव्याकडेच पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं लूपचे सेन्सर बदलले. वायरी नव्या ओढल्या. संध्याकाळी गाडी सोडली, तर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. सेन्सर खराब असला तर दिवा कसाही लागतो, लागूनच राहतो किंवा फडफडतो. हा तसा नव्हता. आधी लूपचा लागे, मग शेवटच्या ब्रेकचा, मग स्टेशनचा. एखादी गाडी पुढे जाताना जेवढा वेळ घेईल, तेवढाच वेळ घेऊन.

शेवटी तिनं वॉकीटॉकी घेतला आणि ती लूपच्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

“सोड.”

लांबून खटका ऐकू आला. गाडी माथ्यावर गेली, बुडाली, वर आली, मधल्या ब्रेकवर अडकली. मग शांतता. कुठंतरी टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

“दिवा लागला, बेन,” वॉकीटॉकीत भावेशचा आवाज आला.

हन्नानं तळहात खांबावर टेकला. दिवसभर तापलेलं पोलाद अजून गरम होतं. आधी काही नव्हतं. मग आत बारीक गुणगुण सुरू झाली. ती वाढत गेली, आणि खांब तिच्या हाताखाली थरथरला. वाळूची पोती भरून गाडी गेली की थरथरायचा, त्याहून जड. डोक्यावरून हवेचा झोत गेला, तिची ओढणी एका बाजूला ओढली गेली. लूपच्या वरच्या टोकाशी क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं… मग दुसऱ्या बाजूनं ते खाली आलं आणि निघून गेलं.

वर रुळावर काही नव्हतं. मागचं आभाळ स्वच्छ दिसत होतं.

कोस्टर जवळून जातो तेव्हा माणसं ओरडतात. हन्नाच्या नंतर लक्षात आलं, की तिला त्या गप्पपणाचीच जास्त भीती वाटली होती. एवढं वजन डोक्यावरून गेलं, आणि कोणी ओरडलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी दिग्विजय आले. सोबत त्यांची आई, छबूबाई. पूजेचं ताट, नारळ, झेंडूची माळ. हन्नानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की उद्या सुरू करू नका. का, ते मात्र तिला नीट सांगता येईना. ती दिव्यांबद्दल बोलली, खांबाबद्दल बोलली नाही.

“मॅडम, आपली गाडी एकच शे ना?” दिग्विजय हसत म्हणाले. “मंग ती धडकी कोनले? ती दिवासनी भानगड काढी टाका. वायर जोडी द्या सरळ.”

“ती काढायची नसते, भाऊ. त्याच्यावरच सगळी सुरक्षा आहे.”

“मंग ऱ्हाऊ द्या. थांबनी तर थांबनी मधमा. लोके फोटो काढतीन तठे.” मग जरा खालच्या आवाजात, “सगळा गावले सांगेल शे, मॅडम. आते मांगे सरकता येत नही.”

छबूबाई इतका वेळ मान वर करून लूपकडे पाहत होत्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगानं बारीक, नऊवारी नेसलेल्या. त्या म्हणाल्या, “पोरी, मी धाकली व्हती तव्हय आखाजीले निंबले झोका बांधेत. इतला उंच जाये, पाय आभायले लागे. लगीन झायं आन सुटनं ते. उद्या गर्दी राही. आज माले बठू दे.”

हन्नानं दोघांकडे पाहिलं. दिवे जागेवर होते, ब्रेक चोख होते. फार तर काय होईल, गाडी मधे थांबेल, दिवा विझेल, गाडी घरी येईल. तीन दिवस हेच झालं होतं. तिनं होकार दिला.

तरीही स्वतः मधल्या ब्रेकवर उभं राहायचं तिनं ठरवलं. लोखंडी जिना चढून ती वरच्या अरुंद फळीवर गेली. खाली पार्क रिकामं होतं. घसरगुंड्यांचं पाणी बंद केलेलं, दिवेलागणीची वेळ, पश्चिमेला आभाळ तांबूस. दूर रनाळ्याच्या बाजूला कुणाच्या तरी घरी आखाजीची गाणी चालली होती. वाऱ्याबरोबर एखादा सूर येई आणि विरे.

खट्. खट्. खट्. गाडी चढली, माथ्यावर क्षणभर थबकली, आणि सुटली. दिग्विजयांची आरोळी ऐकू आली. मग गाडी उंचवट्यावरून तिच्यासमोर येऊन ब्रेकमध्ये चपखल थांबली. पहिल्याच सीटवर मायलेक. छबूबाईंचा पदर सुटला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या हसत होत्या.

“लूपचा लागला,” वॉकीटॉकी बोलला.

“माहीत आहे. थांबू.”

ते थांबले. दिवा विझायला हवा होता तेवढा वेळ गेला. मग तेवढाच आणखी गेला.

“भावेश?”

“लागलेलाच आहे, बेन. पुढे सरकत नाही. लूपमध्येच…” त्याचा आवाज बदलला. “बेन, चढाचा दिवा लागला.”

“कुठला?”

“चढाचा. मागचा. साखळीची मोटर बंद आहे, मी हात लावला नाही…”

त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिनं तो आवाज ऐकला. चढाच्या पायथ्याशी, हळू, सावकाश.

खट्.

खट्.

साखळीचा असा आवाज येत नाही. दातेरी पट्टीवर खटका पडायला वर गाडी लागते. हन्नाला हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं चढाकडे पाहिलं. निळे रूळ, मधे साखळी, ग्रीसची चमक. साखळी जागची हलत नव्हती. आवाज तेवढा वर सरकत होता.

“हाई काय शे?” दिग्विजयनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण खांद्यांवरून छातीवर बसणाऱ्या दांड्यांमुळे वळता येईना. “मॅडम, मांगे कोन शे?”

“कोणी नाही. तुम्ही आता उतरायचं,” हन्ना म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला फार जोर लागला.

असल्या वेळी माणसांना फळीवर उतरवून जिन्यानं खाली नेतात. तिनं डब्याच्या बाजूची कळ पायानं दाबली. दिग्विजयांचा दांडा सुटून वर गेला. छबूबाईंचा अर्धा उचलला आणि अडकला. सुटलेला पदर दांड्याच्या दात्यांत ओढला गेला होता. हन्नानं ओढून पाहिलं. कापड ताणलं, फाटेना. दिग्विजय उठून दोन्ही हातांनी दांडा उचलू लागले. तो जागचा हलला नाही.

खट्. खट्. खट्. अर्धा चढ संपला होता.

“दिग्या, तू उतर,” छबूबाई म्हणाल्या.

दिग्विजयनी आईकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. हा माणूस कोस्टर उभा होत होता ते तीन महिने या पार्कात सगळ्यांना हुकूम सोडत फिरला होता. आता त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता. तो मुकाट्यानं पुन्हा आईशेजारी बसला आणि त्यानं आपला दांडा स्वतःच खाली ओढला. दांडा छातीवर कट्कन बसला.

“काय करानं ते करा, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “लवकर करा.”

हन्नानं छबूबाईंचा दांडा सगळी ताकद लावून खाली दाबला. पदरासकट तो बसला. आता दोनच वाटा उरल्या होत्या, इथंच थांबायचं किंवा गाडी पुढे सोडायची. पुढे लूपमध्ये काहीतरी उभं होतं. मागून काहीतरी येत होतं. पुढचं तीन दिवस येत होतं आणि त्यानं कोणाला काही केलं नव्हतं. मागचं आज पहिल्यांदा आलं होतं.

माथ्यावर आवाज थांबला.

फळीच्या टोकाशी ब्रेकची हवा हातानं सोडायची कळ होती. ती कधी वापरू नये, असं तिनंच भावेशला बजावलं होतं.

“बेन, पुढे लाल आहे,” भावेश म्हणाला. “बेन… लाल आहे.”

तिनं कळ फिरवली. फुस्स झालं, ब्रेकचे जबडे उघडले, गाडी आपल्या वजनानं सरकली आणि उतारावर नाहीशी झाली. हन्नानं कळ पुन्हा बंद केली. तेवढ्यात रूळ गुणगुणायला लागले होते.

ती कठड्याला पाठ लावून उभी राहिली. पळायला वेळ नव्हता. समोर हातभर अंतरावर रिकामे रूळ. ते जवळ आलं, उंचवट्यावर चढलं, आणि ब्रेकचे जबडे कशावर तरी करकचून मिटले. फळी तिच्या पायांखाली खाली दबली. गरम हवा तोंडावर आली. तिला तापलेल्या रेक्झिनचा वास होता, आणि खोबरेल तेलाचा. बराच वेळ माणसं बसून राहिलेल्या जागेला येतो तसा.

तिनं डोळे मिटले. ओठांवर प्रार्थना आली ती तिच्या आईच्या बोलीत आली. मराठीत आली नाही.

कट्.

दांडा उघडल्याचा आवाज. एकच. तिच्या अगदी समोर.

नंतर काही नाही. किती वेळ गेला, तिला सांगता येणार नाही. मग ब्रेक कोणी हात न लावता सुटला, फळी वर उचलली गेली, आणि ते वजन उताराकडे निघून गेलं. लूपमधून गेल्याची गुणगुण तिच्या तळपायांना जाणवली, आणि हळूहळू विरली.

तिनं डोळे उघडले. उजेड बराच कमी झाला होता. ती कठडा धरून जिना उतरली.

खाली गाडी शेवटच्या ब्रेकवर उभी होती. भावेशनं पॅनेलची मुख्य कळ ओढून वीज तोडली होती आणि तो पदर कापून छबूबाईंना बाहेर काढत होता. दिग्विजय चौथऱ्यावर मान खाली घालून बसले होते. तोपर्यंत सगळे दिवे विझले होते. नारळ ताटात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी घसरगुंड्या सुरू झाल्या, कोस्टर नाही. मशीन बिघडलंय, असं दिग्विजयनी गावाला सांगितलं. लोकांनी टोमणे मारले, ते त्यांनी ऐकून घेतले. महिन्याभरात खांब सुटे करायला माणसं आली. हन्नानं त्या कामावर थांबायला नकार दिला आणि दिग्विजयनी आग्रह केला नाही.

जाण्याआधी ती छबूबाईंना भेटायला त्यांच्या घरी गेली. म्हातारी ओसरीवर पलंगावर बसली होती. त्या दिवसापासून ती फारसं बोलत नाही, असं सून रुपानं दारातच सांगितलं होतं. हन्नाला पाहून मात्र तिनं जवळ बसायला जागा केली.

“आक्का, माफ करा,” हन्ना म्हणाली. “मी तुम्हाला पुढे ढकललं.”

“तू बरं करं.” छबूबाईंनी रुपा आत गेल्याची खात्री केली. मग आवाज उतरवला. “म्होरे लोके व्हतात, पोरी. वरते, झोकाना माथावर. गाडीमा बठेल. आम्ही उलटा झायूत तव्हय माले दिसनात.”

हन्ना पलंगावर आणखी जवळ सरकली.

“मन्हं लुगडं, मन्हा केस, सगळं खाले लटकेल व्हतं. दिग्यानं खिसामधलं सगळं पडनं. आन त्या लोके…” त्यांनी तळहात उलटा करून दाखवला. “त्या बी उलटाच व्हतात. पन त्यासना केस लटकेल नव्हतात. वरते जाई ऱ्हायंतात, सरळ. जशा त्यासनी जमीन वरते शे.”

“तुमच्याकडे पाहत होते का ते?”

“नही. सगळा माना वळाईसन मांगे देखी ऱ्हायंतात. तू उभी व्हतीस ना, त्या फळीकडे.”

आतून भांड्यांचा आवाज आला.

“माझ्याकडे?”

“तुन्ह्याकडे कसाले देखतीन?” छबूबाईंनी मान हलवली. “आम्ही खाले उनूत, तव्हय मी बी देखं. माले वाटनं, आपला पार्कना कोनी माणूस व्हई. तू जिना उतरी ऱ्हायंतीस, तो तुन्हा मांगे मांगे उतरी ऱ्हायंता.” त्या क्षणभर हन्नाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या, जणू हे तिला ठाऊकच असणार. “तुन्हा खांदावर हात ठेयेल व्हता त्यानी. तुले समजनं नही का?”

हन्नाचा उजवा हात आपोआप खांद्याकडे गेला, आणि अर्ध्या वाटेत थांबला.